अकरा पेशंटांचा वेग

दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत ज्या बाई लोकांना पुन्हा चालायला शिकवतात, त्यांना त्यांच्या पदवीने कोणी ओळखत नाही. 'फिजिओथेरपिस्ट' म्हणताना अर्ध्या पेशंटांची जीभ सवय नाही म्हणून वळत नाही आणि उरलेल्यांची आजारामुळे. तेव्हा सगळे त्यांना 'चालवणाऱ्या बाई' म्हणतात. बाईंना ते पसंत आहे. काय करता ते तरी त्यात कळतं.

पहिल्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि थांबणाऱ्यांसाठी बाक. दुसरीत कमरेइतक्या उंचीचे दोन लाकडी दांडे, शेजारीशेजारी, वीस फूट लांब. पेशंट दोन्ही दांडे धरून मधून चालतो, बाई मागून त्याच्या कमरेचा पट्टा धरून चालतात, आणि गाणं लावलेलं असतं. गाणं करमणुकीसाठी नसतं. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाचा पाय पुष्कळदा डोक्याचं ऐकेनासा होतो, पण ठेक्याचं ऐकतो. मात्र ठेका त्याच्या पायाला झेपेल असा हवा. मूळ गाणं मिनिटाला शंभराच्या वर ठोक्यांनी पळत असतं. त्यावर चालवायला गेलं तर पेशंट तोंडावर आपटायचा. म्हणून बाई कॉम्प्युटरवर गाणं हळू करून घेत, ज्याच्या त्याच्या पायाइतकं, आणि दर आठवड्याला त्याला किंचित जलद करत. नऊ वर्षांत अशी दोन हजार आठशे गाणी जमली होती. प्रत्येक पेशंटचं एक फोल्डर, त्यात आठवड्यांची फोल्डरं, त्यात त्या आठवड्याचं गाणं.

जुनी हार्ड डिस्क महिनाभर कुरकुरत होती. एकदा तर चालू गाणं मध्येच थांबलं आणि बिचाऱ्या पेशंटचा उचललेला पाय तसाच वर राहिला. बाईंनी नवी डिस्क आणली आणि जावयाच्या हातात दिली. जावई हौशी. घरातलं कोणतंही यंत्र उघडून बसायला त्याला निमित्त लागत नाही.

"आई, तुम्ही काही बघू नका. दोन दिवसांत सगळं लावून देतो," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी तो आणि लेक डिस्क घेऊन हजर झाले. जावयाने चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्यासारखं हसू आणलं होतं. बाईंनी डिस्क जोडली आणि स्क्रीनवर शोधाशोध सुरू केली.

"सुतार कुठे आहे?"

"कोण सुतार?"

"सुतार नावाचं फोल्डर हो."

"ते होय. आई, फोल्डरांचं नुसतं रान माजलं होतं. माणसं काय, आठवडे काय. सगळं साफ केलं. आता एकच फोल्डर, 'गाणी'. अक्षरांप्रमाणे लावलीत."

"आणि एकाच नावाची होती ती?"

"त्यांचं तर विचारूच नका. एकेक गाणं वीस-वीस वेळा ठेवलेलं. कॉम्प्युटर दर वेळी विचारायचा, आधीचं काढून हे ठेवू का. शेवटी सगळ्यांना एकदमच हो म्हटलं." तो खुर्चीत मागे रेलला. "दोन हजार आठशेची एकशे त्र्याण्णव झाली. डिस्क जवळजवळ मोकळी आहे तुमची."

बाईंनी एक गाणं लावलं. गाणारी बाई झोपेतून उठवल्यासारखी रेंगाळत गायला लागली. दुसरं लावलं, ते बरंच जलद. कोणत्या पेशंटचं, कोणत्या आठवड्याचं, काही पत्ता नाही.

"जावईबापू," बाई म्हणाल्या. लेकीने मान खाली घातली, कारण आई 'जावईबापू' कधी म्हणते ते तिला माहीत होतं. "जुनी डिस्क कुठे आहे?"

"ती पुसली त्यांनी," लेकच म्हणाली. "कुरकुरत असली तरी खेळायला होईल म्हणून सिनेमे भरलेत. काठोकाठ."

जावयाला आता कुठे उमगायला लागलं होतं. "पण आई, नावं एकच होती. आवाजही तोच."

"वेग वेगळा होता."

बाईंनी दोन मिनिटं त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग सुस्कारा टाकला. "निम्मी चूक माझी. गाण्यांची नावं बदलायला काय माझे हात झडले होते? नऊ वर्षं आळस केला. आता रडत बसायला वेळ नाही, सोमवारी सुतार येतोय."

सुताराला झटका येऊन सात महिने झाले होते. उजवा पाय गेला होता. दुसऱ्या महिन्यात बाईंनी घाई केली, गाणं जरा जास्तच जलद ठेवलं आणि तो दांड्यांमध्ये कोसळला. लागलं फारसं नाही, पण त्यानंतर तीन आठवडे तो अंथरुणातून उठायला तयार नव्हता. बायकोने हाताला धरून आणला तेव्हा दारातच म्हणाला होता, "बाई, आणखी एकदा पडलो तर मी परत यायचा नाही. मग मी आणि माझी खाट." तो बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस होता. त्यामुळे सोमवारी त्याच्यासाठी अंदाजाने काही लावून चालणार नव्हतं.

"मूळ गाणी तरी आहेत ना?" लेकीने विचारलं.

"ती सीडीवर आहेत घरी. वेग नाहीत."

"ते कुठे लिहिलेत?"

"कुठेच नाही." बाई उठल्या. "पण मी या लोकांच्या मागे रोज चालते. माझ्या पायांना माहीत असतील. चला घरी."

दुपारी बाईंच्या घरची बैठकीची खोली मोकळी झाली. सोफा भिंतीला, गालिचा गुंडाळून दारामागे. लेक मनगटावरचं घड्याळ काढून उभी, जावई कॉम्प्युटरपाशी. बाई एका टोकाला उभ्या राहिल्या, डोळे मिटले, आणि चालायला लागल्या. मान ताठ, डावा पाय मागून ओढलेला, आणि वळताना असा थांबा की समोरच्या वर्गाने उठून उभं राहावं.

"या मुख्याध्यापिका," त्या चालता चालता म्हणाल्या. "मिनिटाची पावलं मोज."

"अठ्ठावन्न."

"लिहा हो. आणि या वेळी नावात लिहा, माणूस, तारीख, वेग. फोल्डरमध्ये नाही, गाण्याच्याच नावात."

मग घड्याळदुरुस्तीवाल्याची पाळी आली. तो चिमूटभर पावलं टाकतो, बारीक स्क्रू पडल्यासारखी जमिनीवर नजर ठेवून. बाई तशा चालायला लागल्यावर जावयाला हसू आवरेना.

"हसा, हसा. हा माणूस तीन महिन्यांपूर्वी उभाही राहत नव्हता."

"मी तुम्हाला हसलो आई, त्यांना नाही."

"मला हसायचं असेल तर गाणी पूर्ण झाल्यावर."

शनिवारची दुपार गेली, रविवार गेला. सध्याचे अकरा पेशंट एकामागून एक बाईंच्या अंगात आले नि गेले. बाईंच्या पोटऱ्या भरून आल्या, लेकीने गरम पाण्याची पिशवी आणून दिली, ती त्यांनी बाजूला ठेवली. सुताराला त्यांनी सगळ्यात शेवटी आणि तीनदा चालून पाहिलं. उजवा पाय कमरेतून बाहेर फिरवायचा, टेकवायचा, भार देण्याआधी जरा थांबायचं. तिन्ही वेळा बहात्तर.

सोमवारी सुतार आला, बरोबर बायको. बाईंनी पट्टा बांधला, बहात्तरचं गाणं लावलं. सहा पावलं ठीक पडली. सातव्याला त्याचा डावा पाय उचललेलाच राहिला, तो ठेक्याची वाट बघत एका उजव्या पायावर ताटकळला आणि तिरपा झाला. बाईंनी पट्टा खेचून धरला. बायकोने हातातली पिशवी टाकली.

"बाई, हे माझं गाणं नाही," सुतार दांडा आवळून म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"नाही. तुमचं हरवलं. हे मी आठवून केलंय."

"मग चुकलंय."

"पडला असता ना," बायको म्हणाली. "आज राहू द्या. गाणं मिळालं की येऊ."

"मिळणार नाही ते," बाई म्हणाल्या. त्यांनी गाणं बंद केलं. काय झालं ते त्यांना आता कळत होतं. घरी त्या डोळे मिटून चालल्या, तेव्हा त्यांच्या पायात आला होता तो दुसऱ्या महिन्यातला सुतार, पडून भ्यालेला. कदाचित भीती त्याच्यापेक्षा त्यांनाच जास्त बसली होती. "चला, गाण्याशिवाय चाला."

"आणि ठेका?"

"ठेका तुमचा. मी मागे आहे. वहिनी, तुम्ही घड्याळ धरा, मी पावलं मोजते."

"बाई, पडलो तर काय ते सांगितलंय मी."

"विसरले नाही. चाला."

तो बराच वेळ तसाच उभा राहिला. बायको घड्याळाकडे न बघता त्याच्याकडेच बघत होती. बाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. मग सुताराने पाय टाकला. उजवा, डावा, उजवा. थांबा कुठे नव्हता. पाय बाहेर फिरत होता, पण फिरून लगेच टेकत होता. टोकाला जाऊन वळला, परत आला, पुन्हा गेला.

"झालं एक मिनिट," बायको म्हणाली.

"शहाऐंशी," बाई म्हणाल्या. "शहाऐंशी चालता तुम्ही."

"मग तुम्ही किती चालवत होता?"

"ते सोडा. बसता का? पाच मिनिटं लागतील."

"नको. उभाच बरा आहे."

तो दांडा धरून उभा राहिला आणि बाई कॉम्प्युटरपाशी बसल्या. शहाऐंशीचं गाणं तयार केलं, नावात 'सुतार', तारीख आणि वेग लिहिला. लावलं. या वेळी तो शेवटपर्यंत गेला, वळला, परत आला.

"हं," तो म्हणाला. "आता सोबत चालतंय. मघाशी मलाच त्याच्यासाठी थांबावं लागत होतं."

तो गेल्यावर बाईंनी रविवारी केलेली उरलेली दहा गाणी स्क्रीनवर एकदा पाहिली आणि बंद केली. बाहेरच्या बाकावर मुख्याध्यापिका काठी टेकून बसल्या होत्या.

"आज तुमचं गाणं लागणार नाही," बाई दारातून म्हणाल्या. "आधी नुसतं चालायचं."

"का? माझं काही चुकलं?"

"तुमचं नाही, माझं. उठा."