सुंगटाचं गाऱ्हाणं

काही बोलण्याआधी दर्शनाचा अंगठा चालू व्हायचा. चार बोटं, प्रत्येक बोटाची तीन पेरं आणि वरचं टोक, असा तो फिरत राही. बघणाऱ्याला वाटावं, मुलगी जप करते आहे. प्रत्यक्षात ती रॅपचे बार, म्हणजे ठेक्याची आवर्तनं, मोजत असायची. एक पेर म्हणजे एक बार, अख्खा हात म्हणजे सोळा, आणि सोळा बारांचं एक कडवं. "हात संपलो काय कडवा संपला," असं ती म्हणायची. काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने काळी पडलेली तिची ती बोटं मला अजून दिसतात.

आचऱ्याच्या बाजारात माझं लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं दुकान आहे. आवाज घुमू नये म्हणून आतल्या खोलीच्या भिंतींना मी जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. एका दुपारी ती वही घेऊन आली, गाद्यांवर दोन थापा मारून बघितल्या आणि म्हणाली, "काकानू, हयसर माझो आवाज भरून देशात?" अंगाने बारीक आणि खांद्यात जराशी वाकलेली, म्हणून लहानपणापासून तिला सगळे सुंगट, म्हणजे कोळंबी, म्हणून चिडवत. तिने तेच नाव रॅपसाठी घेतलं होतं. आपणच ते नाव लावलं की चिडवणाऱ्यांच्या हातात काही राहत नाही, हा तिचा हिशोब.

रॅप म्हणजे भराभर बोलणं, एवढीच माझी समज. त्यावर ती खवळायची. मग तिने माझी शिकवणीच सुरू केली. बूम-बॅप म्हणजे काजू फोडायच्या मशीनसारखा ठोका, खट आणि खटाक, त्यावर खरं तेच सांगायचं. ट्रॅपमध्ये गाड्यांच्या आणि चैनीच्या बढाया, ते तिला जमत नसे. आणि ड्रिल? "ड्रिल म्हणजे दारात उभो रवान हळू आवाजात दिलेली धमकी," असं तिने सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी मुळात भित्रा माणूस. लग्नात फटाके लागले तरी माझा कॅमेरा हलतो. "डिस"चा अर्थही तिनेच सांगितला. समोरच्याचं नाव घेऊन चारचौघांत त्याची उतरवायची, त्याने उलट आपली उतरवायची, आणि मग दोघांनी मिळून चहा प्यायचा. त्यात मनाला लावून घ्यायचं नसतं, असा नियम आहे म्हणे.

हा नियम मोडला तो तिच्या हातांवरून. मालवणचा सर्वेश मामाच्या ट्रॉलरवर मासेमारीला जाई आणि 'तांडेल' या नावाने रॅप करी. त्याने हिच्यावर डिस काढला. त्यात एक ओळ होती, या काळ्या हातांचा चहा कोण पिणार. ऐकताना ती हसली. मग मोरीवर जाऊन बराच वेळ हात धूत राहिली. मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

तिचे वडील तात्या. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. म्हणजे मानकऱ्याने देवापुढे उभं राहून गावाचं मागणं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. दर्शना ते ऐकतच मोठी झाली होती. तिने सर्वेशला उत्तर दिलं ते ड्रिलच्या ठोक्यावर आणि गाऱ्हाण्याच्या घाटात. मागून "होय म्हाराजा" म्हणायला माणूस हवा होता. मी म्हटलं, मी म्हणतो. माझं सगळं लक्ष आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर. तिने हात केला की मी होय म्हणायचो. पुढे त्याच आवाजाच्या पाच नकला एकावर एक चढवल्या, तेव्हा अख्खं गाव बोलतंय असं वाटायला लागलं. कामावर मी फार खूश होतो.

तिचे शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकले ते दोन दिवसांनी, एका रिक्षाच्या स्पीकरवर.

"हसलो जो माझ्या काळ्या हातांक, म्हाराजा, तेचा इंजिन बंद पडांदे अर्ध्या वाटेक, म्हाराजा."

आणि पाठोपाठ मी, पाचपट होऊन. रिक्षावाल्याने विचारलं, हा होय म्हणणारा कोण हो? मी म्हटलं, कोण जाणे.

आठवडाभरात समुद्रात वारा सुटला. सगळ्या होड्या परतल्या, सर्वेश ज्यावर होता ती त्याच्या मामाची तेवढी आली नाही. फोन लागेना. दुसरा दिवस उजाडला तशी बाजारात कुजबुज सुरू झाली की गाऱ्हाणं लागलं. दर्शना दुकानात येऊन बसली. तिचा अंगठा थांबलेला होता.

"काकानू, माका भय वाटता," ती म्हणाली. "मी खेळ म्हणान बोललंय. पण ह्यो खेळ आसा, ह्या देवाक खंय सांगलंय?"

मी तिला म्हटलं, बोलाफुलाला गाठ पडली, दुसरं काही नाही.  आणि पुढे मी जे विचारलं त्याची मला आजही लाज वाटते. मी विचारलं, माझं नाव कुणाला सांगितलंस का?

तिने माझ्याकडे बघितलं. "नाय. आणि सांगूचंय नाय."

तात्यांनी तिला एकच सांगितलं होतं, "जेणां घातला, तेणांच सोडवचा." आमच्या देवळात बाईमाणसाने कधी गाऱ्हाणं घातलेलं नव्हतं. पण सकाळची पूजा झाल्यावर तात्या स्वतः बाजूला सरले आणि लेकीला पुढे उभं केलं. देऊळ भरलं होतं. सर्वेशची आई मालवणहून येऊन खांबाला टेकून बसली होती. मी दाराशी, चपलांजवळ उभा होतो, वेळ आली तर पटकन निघता यावं म्हणून.

दर्शनाने हात जोडले. आवाज इतका बारीक, की माइकसमोरची हीच का ती मुलगी असं वाटलं. "बा देवा म्हाराजा, मी रागान बोललंय. तो शब्द माझ्या एकटीचो, म्हाराजा."

कुणी होय म्हटलं नाही. माणसं सर्वेशच्या आईकडे बघत होती. दर्शनाने तेच पुन्हा म्हटलं, "तो शब्द माझ्या एकटीचो, म्हाराजा. तेचो भार माझ्यार घाल आणि होडी घराक हाड."

याही वेळी होय आलं नाही. एकटीचा. माझ्यासाठी ती देवासमोर खोटं बोलत होती. माझ्या तोंडातून निघून गेलं, "होय म्हाराजा." सगळ्या माना मागे वळल्या. रिक्षावाला माझ्याकडे बघतच राहिला, त्याने आवाज ओळखला होता. मग तात्या म्हणाले, होय म्हाराजा. मग बाकीचे. सर्वेशची आई सगळ्यांत शेवटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी होडी सापडली. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या ट्रॉलरने ओढत गोव्याच्या बंदराला लावली. सगळे सुखरूप होते. महिन्याभराने सर्वेश दुकानात आला तेव्हा दर्शना तिथेच होती. चहा झाला. बोलता बोलता त्याने सांगितलं, की तिचा तो डिस होडीवर सगळ्यांनी ऐकलेला होता. इंजिन बंद पडल्यापासून त्याच्याशी कुणी बोलेना. त्याचं जेवण वेगळं ठेवत. एकजण मामाला म्हणाला, ह्याच्यामुळे आपण सगळे मरणार, ह्याचं काहीतरी करायला हवं. त्या दिवसांत सर्वेश पाण्याला भ्याला नाही, माणसांना भ्याला.

तो गेल्यावर दर्शनाने कप उचलून ठेवले. मग म्हणाली, "देवान तेका काय केला नसता, काकानू. माणसांनी केला असता. माझा आयकान." देवळातल्यापेक्षा त्या दुपारी ती जास्त घाबरलेली होती, आणि मीही.

पुढे तिला पुण्यात एका गोदामात नोकरी लागली. जाताना वही घेऊन गेली, डिस मात्र पुन्हा काढला नाही. अधूनमधून फोन येई. फ्लो सुधारला का, बेस कमी वाटतो का, एवढंच बोलणं.

गेल्या आठवड्यात तिने नवा ट्रॅक पाठवला. बूम-बॅप आहे, ठोका काजूच्या मशीनचा. मधे मधे जागा मोकळ्या सोडल्या आहेत. सोबत निरोप होता.

"काकानू, हयसर तुमचो आवाज होयो. पण आदी मी काय मागलंय ता आयका. मगेच होय म्हणा."

मी खोलीचं दार लावून घेतलं आणि काट्याकडे पाठ करून बसलो. तीनदा ऐकला.