सहा आणि नवाखालची रेघ

मला राग आला की धाप लागते, आणि धाप लागली की आणखी राग येतो. त्यामुळे हे लिहिताना मध्ये मध्ये थांबावं लागणार आहे.

धानाच्या मिलमधल्या भुशाने आणि चुलीच्या धुराने माझी फुप्फुसं कायमची बिघडवली. गेल्या वर्षी चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले, झोपेत ऑक्सिजन किती उतरतो ते घरी पाहा. अठ्ठ्याऐंशीच्या खाली राहत असेल तर रात्रीसाठी ऑक्सिजनचं मशीन लावू. बोटाला लावायचा चिमटा घेऊन आम्ही घरी, सिंदेवाहीला आलो. मी झोपल्यावर आकडा पाहायचं काम आमच्या ह्यांचं, म्हणजे नवऱ्याचं.

सकाळी उठले की डोकं फुटायचं. रात्रभर कोणी छातीवर बसून होतं असं वाटायचं. मी तसं सांगितलं की हे म्हणायचे, "अठ्ठ्याण्णव होतं. वहम आहे तुले."

जागेपणी मी स्वतः पाहिलेलं त्र्याण्णव आणि झोपेत अठ्ठ्याण्णव!

"झोपेत मले नवीन फुप्फुस बसवून देते काय कोनी?" मी विचारलं. हे हसले. डॉक्टरांनाही त्यांनी फोनवर तोच आकडा सांगितला. डॉक्टर म्हणाले, मग मशीनची गरज नाही, मनाची धास्ती असेल. त्या दिवसापासून मी घरात खोटारडी ठरले. अंगण झाडताना खाली बसले तरी वहम, जेवण गेलं नाही तरी वहम. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण भांडायलाही श्वास लागतो.

मग एका दुपारी ताप भरला. आमच्याकडे डासांपायी मच्छरदाणी बाराही महिने लावलेली असते, गादीखाली घट्ट खोचून. फक्त डोक्याकडची बाजू मोकळी. हे नेहमीसारखे तिकडून आत वाकले आणि उशीवर ठेवलेल्या माझ्या हाताला चिमटा लावला.

"अडुसष्ट दाखवून राह्यली. पाहा, बहकली मशीन."

मी मान वळवून पाहिलं. मला 89 दिसत होतं.

"बहकते म्हणजे? रातीही बहकते काय?"

"मधामधात बहकते. कधी अठ्ठावन, कधी नुसती इंग्रजी अक्षरं. थोडं थांबलं का अठ्ठ्याण्णव येते. मंग मी झोपतो."

क्षणभर मला काही कळलं नाही. मग तळपायाची आग मस्तकात गेली. काड्या जोडल्यासारखे ते आकडे. माझ्या बाजूने सरळ, त्यांच्या बाजूने उलटे. 89 उलटं केलं की 68. आणि 86 उलटं केलं की 98, म्हणजे रात्रीचं ते अठ्ठ्याण्णव खरं शहाऐंशी होतं.

"इकडे या. माह्या बाजूनं पाहा."

मच्छरदाणी उपसून ते माझ्या बाजूला आले. पाहिलं आणि तिथेच पलंगाच्या कडेवर बसले.

या माणसाने सगळी नोकरी लाकडाच्या डेपोत काढली. सागवानाच्या लठ्ठ्यांवर, म्हणजे ओंडक्यांवर, नंबर घालणं हेच काम. लठ्ठा घरंगळला की सहाचा नऊ होतो, म्हणून प्रत्येक सहा आणि नवाखाली रेघ ओढायची. एकदा नवीन माणसाने रेघ ओढली नाही म्हणून हे दोन दिवस जेवताना त्याच्यावर चिडत होते. लाकडाची एवढी काळजी! आणि बायको रोज सकाळी गुदमरते म्हणून सांगते, तर एकदा उलटून पाहावंसं वाटलं नाही. हवा तो आकडा येईपर्यंत मात्र थांबत होते. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, आणि तो गेलेला नाही.

आता रात्री ऑक्सिजनचं मशीन पलंगाशेजारी घुरघुरत असतं. सकाळी डोकं दुखत नाही. ह्यांनी चिमट्यावर आकड्यांच्या खालच्या बाजूला लाल रंगाची रेघ ओढली आणि मला दाखवायला आणली.

"आता चूक नाई होनार," म्हणाले.

"रेघ राहू द्या," मी म्हटलं. "पन सकाळी पहिले मले इचारत जा, रात कशी गेली. आन् मी सांगीन ते खरं माना."