विहिरीजवळचा बाक

औंढ्यात देवळाच्या रस्त्याला त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. इतकी वर्षं जाते, पण नाव कधी विचारलं नाही. सगळ्यांसारखी मीही 'भाई' म्हणते.

माझा ऑनलाइन गेम अडकला की मी तिथं. त्या गेममध्ये मी एक गाव वसवलं होतं. भाई आधी हात पुसायचे, मग डोळे मिटून फोन कानाला लावायचे, मग पडद्याकडे बघायचे. "विहिरीच्या पाण्याचा आवाज आधी, चित्र मागून येऊन राहिलं. नेटची तकलीफ हाय, ताई." मग भरलं ताट न्यावं तसा तळहातावर फोन धरून दारात जायचे आणि रेंज सुधारली का ते बघत माझ्या गावातून हळूहळू फिरायचे. गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी.

उन्हाळ्यात गेम सारखा बंद पडू लागला. भाईंनी तो काढून पुन्हा टाकला. मी गेममध्ये खातं न उघडताच खेळत होते, त्यामुळे काहीच जपलेलं नव्हतं. गाव पुसलं गेलं. "आधी विचारायला पायजे होतं," एवढंच ते बोलले. मी दुकानाची पायरी चढणं सोडलं.

दिवाळीनंतर त्यांनीच रस्त्यात हाक मारली. त्यांच्या फोनमध्ये त्यांनी आठवून पुन्हा वसवलेलं माझं गाव उभं होतं. तीच विहीर, तेच तिरपं बसलेलं फाटक, बांधावरचा पळससुद्धा. फक्त विहिरीजवळ एक बाक होता. तो मी कधीच ठेवला नव्हता.

"हा काहून?"

"रेंज गेली की गेममधलं तुमचं माणूस बराबर तिथंच अडकून उभं राहायचं, ताई. म्हणलं, बसायला तरी असावं."