राब पाहायला जपानला

जपानला निघालो त्या सकाळी डहाणूच्या स्टेशनवर कचेरीतली मंडळी हार घेऊन आली होती, आणि कैनाडहून लखमाबाबा रिकाम्या हातांनी. दोन वर्षे मी शेतीखात्यातर्फे त्यांच्या पाड्यात सायकलने जाऊन जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रचार करत होतो. राब (रोपासाठी पेरण्याआधी पालापाचोळा नि शेण पसरून वाफा भाजणे) बंद करा, हे माझे पालुपद. गेल्या साली त्यांनी माझे ऐकले. तणाने रोप खाल्ले आणि अर्धे शेत लावणीवाचून पडले.

"सायेब, तिकडं रोप कसा करतात ता डोळ्यांनी बघा," ते म्हणाले. "नि खरा काय ता येऊन सांगा. मी थांबतो तवर."

जपानात आम्हा सहा जणांना एकेका शेतकऱ्याच्या घरी ठेवले. माझ्या वाट्याला एक ठेंगण्या, चपळ आजीबाई आल्या. पहिल्याच न्याहारीला भाताशेजारी अंडे ठेवलेले. उकडलेले समजून मी ते ऐटीत टेबलावर आपटले, आणि पिवळा बलक माझ्या नव्या पँटवर ओघळला! आजीबाई तोंडावर हात धरून हसल्या. मग आपले अंडे गरम भातावर फोडून, ढवळून दाखवले. मीही दुसरे अंडे तसेच फोडून डोळे मिटून खाल्ले. चव बरी निघाली.

अंगणात गेलो तर भाताच्या तुसाचा ढीग धुमसत होता. आजीबाई तो खालीवर करत होत्या. तूस काळे झाले की पाणी मारायचे, राख होऊ द्यायची नाही. पेरलेल्या वाफ्यावर तोच काळा थर पसरायचा.

"का?" मी दुभाष्यामार्फत विचारले.

"ऊब धरतो. माती पोकळ राहते. तुम्ही काय करता?"

मी राबाचे सांगितले, आणि तो मी बंद करवतो आहे हेही, जरा अभिमानानेच.

"मग तणाचे काय?" त्यांनी लगेच विचारले.

मी पिशवीतली खात्याची प्रचारपुस्तिका काढून चाळली. तिच्यात तणाचे कुठेच नव्हते.

मे महिन्यात परतलो. कचेरीतला सत्कार पुढे ढकलून आधी कैनाड गाठले. लखमाबाबांच्या वाफ्यावर पाला पसरलेला होता. पाऊस तोंडावर आला, शेजाऱ्यांचे राब केव्हाच भाजून झाले, पण यांनी काडी लावली नव्हती.

"भाजा, बाबा," मी म्हणालो. "चूक माझी होती. तिकडचे लोकही जाळतात, वेगळ्या तऱ्हेने. पण कशासाठी, ते त्यांना पक्के ठाऊक आहे."

"ता आमालाबी ठावा हाय," ते शांतपणे म्हणाले. "तुमी इचारला कवा?"

रागावले असते तर बरे वाटले असते. मला मनापासून लाज वाटली. परक्या मुलखातल्या बाईंना मी पहिल्याच सकाळी 'का' विचारले होते. कैनाडला दोन वर्षे नुसता सांगत आलो होतो.

मी बांधावर बसलो आणि विचारले.