अठ्ठ्याऐंशीची पांढरी

पगारे मॅडम माणसांची नावं विसरत, पण गाडीचा नंबर कधी विसरल्या नाहीत. नाशिकला उपनगरात त्यांच्या घरी मी खोली विचारायला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गेटाबाहेर उभ्या केलेल्या टेम्पोची नंबरप्लेट बघून म्हणाल्या, "ही गाडी सिन्नरच्या माणसाच्या नावावर होती. तू चोरलीस की चालवतोस?"

"चालवायलो, मॅडम."

"चालवायलो? म्हणजे लांबचा दिसतोस."

लांबचाच. गाव किनवटच्या पुढे, शाळा आठवीत सुटलेली, पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या टेम्पोवर नुकताच लागलेलो. शाळेचा दाखला मागितला तो भीतभीतच दिला. त्यावर जन्मतारीख एक जून. मॅडम हसल्या. "तुझ्या गुरुजींनी अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला वाटतं!" खोली मिळाली. त्या दिवसापासून त्या मला माधवराव म्हणू लागल्या. मला राव म्हणणारं जगात दुसरं कोणी नव्हतं.

वाहन नोंदणीच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं खिडकी सांभाळली. स्वतःची साधी स्कूटरही कधी घेतली नाही. आकडा चुकला की फॉर्म परत. नामपूरहून दोन एसट्या बदलून आलेला माणूस असो, नाहीतर साहेबाचा मेहुणा. "कागद खोटं बोलत नाही माधवराव, माणूस घाईत असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला मात्र फॉर्म बघितला की घाम फुटायचा. लायसन्सचा असो की माझ्या बहिणीच्या वसतिगृहाचा, मॅडम शेजारी बसवून भरून घ्यायच्या. "भितोस कशाला? फॉर्मला तुझ्याबद्दल काहीच माहीत नसतं. तू सांगशील तेच त्याला कळतं."

निवृत्तीनंतर वर्षभराने एका सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांच्या गाड्यांची सालं लिहिली. आता मला एक गाडी पाहिजे. आत झोपता येईल, चहा टाकता येईल अशी. खिडक्या मोठ्या हव्यात. तू चालवायची, मी बघायचं. आणि लवकर हं." लवकर का, ते मी विचारलं नाही. त्या दिवसांत रस्त्याने गाडी गेली की त्या मला म्हणायच्या, "चष्मा आत राहिला, नंबर वाच रे." मला वाटायचं, मॅडम मला इंग्रजी अक्षरं पक्की करायला लावतायत. मी खुशीत मोठ्याने वाचायचो.

पिंपळगावला कोल्ड स्टोरेजमागे शकीलशेठचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. एका बागायतदाराने हौसेने दोन डिझेल व्हॅन आतून घरासारख्या करून घेतल्या होत्या, त्या तिथे विक्रीला होत्या. एक पांढरी, एक हिरवी. दोन्हींत पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायचं भांडं. पांढरीला दोन्ही बाजूंनी लांबरुंद काचा. हिरवीत मात्र कपाटं केल्यामुळे खिडक्या चिंचोळ्या राहिलेल्या. शकीलशेठने दोन्ही गाड्यांची नोंदणीची बुकं मॅडमच्या हातात दिली. त्यांनी एकेक नाकाजवळ नेलं, पानं उलटली आणि कचेरीच्या खिडकीतल्या आवाजात सांगितलं, "पांढरी ब्याण्णवची, हिरवी अठ्ठ्याऐंशीची. पांढरी घ्यायची. साल नवं आणि काचाही मोठ्या, आणखी काय पाहिजे?" शुक्रवारी गाडी न्यायची ठरली, तोवर दोन्ही बुकं आमच्याकडेच राहिली. "माधवराव, पांढरीच्या चेसिसचा ठसा घे. फॉर्मला लावावा लागतो."

ठसा म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, की आकडे उमटतात. मी गाडीखाली शिरून घेतला. घरी फॉर्मला चिकटवताना सहज ब्याण्णवच्या बुकाशी ताडून बघितला, तर जुळेना. ठशाच्या शेवटी चारशे सतरा, बुकात दोनशे त्रेसष्ट. चारशे सतरा होतं अठ्ठ्याऐंशीच्या बुकात. माझंच चुकलं असणार, आठवी नापासाचं दुसरं काय! दुसऱ्या दिवशी टेम्पो लावून पुन्हा दोन्ही गाड्यांखाली शिरलो. पांढरीच जुनी होती. मॅडमनी नकळत बुकांची अदलाबदल केली होती. रस्त्यावरचे नंबर त्या मला का वाचायला लावायच्या, ते आत्ता कळलं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. गप्प बसावं, तर फॉर्म परत येणार, तोही मॅडमच्याच जुन्या खिडकीतून, त्यांच्याच हाताखालच्या पोरींच्या हातून. बोलावं, तर त्यांना आता अक्षर दिसत नाही हे मला कळलंय, असं तोंडावर सांगितल्यासारखं होणार. या शहरात मला हाक मारणारं हे एकच माणूस. ते तुटलं तर?

शेवटी गुरुवारी म्हणालो, "मॅडम, ठसा माझ्याकडून नीट उमटला नाही वाटतं. तुम्ही एकदा हात लावून बघता का?"

त्या माझ्याबरोबर आवारात आल्या. शकीलशेठने पांढरीच्या पुढच्या चाकाशी गोणपाट अंथरलं. मॅडम साडी सावरून खाली बसल्या आणि हात आत घातला. तीस वर्षं त्यांनी हजारो ठसे फॉर्मला टाचले होते, पण खरा कोरलेला नंबर पहिल्यांदाच हाताला लागत होता. बोटं सावकाश सरकली. "चार... एक... सात." पुन्हा मागे नेली. पुन्हा तेच.

"शकीलशेठ, तुम्हाला ठाऊक होतं?"

"गाडी तर माझीच आहे, मॅडम. पण तुम्ही पडल्या ऑफिसवाल्या. तुम्ही बोलल्या तेव्हा मला वाटलं, इतके दिवस मीच गलत समजत होतो!"

मॅडम गोणपाटावर बसूनच हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग पांढरीत चढून पलंगावर बसल्या आणि मला आत बोलावलं. "डोळ्यांचा पडदा जातोय, माधवराव. मधलं पुसत चाललंय. अक्षर दिसत नाही, तुझं तोंड दिसत नाही. कडेकडेचं दिसतं अजून. डोंगर, झाडं. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं, फार तर तीन."

 मी गाडीचं बोललो. हिरवी चार वर्षांनी तरुण आहे, तळाचा पत्रा शाबूत आहे, पांढरीचा गंजलाय. शकीलशेठनेही खाली उभं राहून री ओढली, "हिरवी न्या मॅडम, अजून दहा साल मरत नाही ती."

मॅडमनी पांढरीची काच सरकवली. पलीकडे द्राक्षबागांच्या रांगा लांबपर्यंत गेल्या होत्या. "दहा वर्षांचं मी काय करू? मला दोनच द्या, पण रुंद द्या."

अठ्ठ्याऐंशीची पांढरी आम्ही दोन हिवाळे चालवली. तिने वाटेत खूप रखडवलं. चढाला ती धापा टाकायची आणि मी रेडिएटरवर पाणी ओतत बसायचो. मॅडम काचेला डोकं टेकून बघत राहायच्या आणि एकदाही म्हणाल्या नाहीत, की हिरवी घ्यायला हवी होती. आता त्या अमरावतीला बहिणीकडे असतात. कडेचंही गेलं. मी अजून त्याच खोलीत राहतो. फॉर्म माझे मी भरतो. भीती वाटते, पण भरतो.

दुसऱ्या हिवाळ्यातली आमची शेवटची खेप सुरगाण्याकडची. घाटात मॅडम म्हणाल्या, "माधवराव, बाहेर काय आहे?"

"लय भारी दिसायलंय, मॅडम."

"भारी म्हणजे काय? आहे ते सांग."

मी गाडी हळू केली. "नागलीची शेतं आहेत. कापणी झालीय. बांधावर एक बाई बसलीय, पायातला काटा काढतेय. दुसरी तिला हसतेय."

"निघाला का काटा?"

"अजून नाही."

"मग थांबव गाडी."

मी थांबवली. मागून एक जीप हॉर्न मारत निघून गेली. त्या बाईने पाय मांडीवर घेतला, दुसरी तिच्याजवळ वाकली. मॅडम काचेकडे तोंड करून वाट बघत होत्या.

"निघाला, मॅडम."

"चल आता," त्या म्हणाल्या.