बर्फातला अंगठा

"बर्फात टाका आणि लगेच या." हे पाच शब्द माझे आहेत. त्यांचं पितृत्व मी आजवर कुणापुढे कबूल केलेलं नाही.

नाशकात मी तुटलेली बोटं जोडायला लागलो, ते दिवस. मुंबईहून शिकून आलो होतो, स्वतःचा सूक्ष्मदर्शक होता आणि राग तर कायम नाकावर. त्या दिवशी ओपीडी तुंबली होती, फोन घेणारी मुलगी जेवायला गेली होती, म्हणून फोन मीच उचलला. दिंडोरीकडच्या एका एसटीडी बूथवरून एक बाई बोलत होत्या. "डॉक्टरसाहेब, आमच्या मालकाचा अंगठा कडबा कापायच्या कुट्टी मशीनमधे तुटला. तुकडा हाय माझ्याकडं. काय करू?"

मी ते पाच शब्द बोललो आणि फोन ठेवला. तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळायचा, पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधायचं आणि मग ती पिशवी बर्फात ठेवायची, हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. समोर पेशंट खोळंबले होते, अर्धं मिनिट मला जास्त वाटलं.

तासाभरात जीपमधून दोघं नवरा-बायको आले. तो द्राक्षबागांत छाटणी करणारा मजूर, उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. तिच्या हातात स्टीलचा डबा. वाटेतल्या रसवंतीवाल्याकडून बर्फ मागून तिने डबा गच्च भरला होता आणि त्यात अंगठा नुसताच खुपसलेला. कडक, पांढराफटक. असा गोठला की आतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तरच खराब होतं.

मी भडकलो. वॉर्डातल्या सगळ्यांदेखत ओरडलो, "हा असा बर्फात टाकायला कुणी सांगितलं तुम्हाला? अक्कल आहे की नाही?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आवाज त्यांनी ओळखला होता, यात मला शंका नाही. नवऱ्याने तोंड उघडलं, तर त्यांनी त्याच्या दंडाला हात लावून त्याला गप्प केलं. मग म्हणाल्या, "चुकलं आमचं. पण बसवा साहेब. कात्री धरायला अंगठाच लागतो."

हात धुताना मला तो फोन आठवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी मारल्या होत्या. बाहेर जाऊन "चूक माझी" म्हणायला दहा पावलं होती. मी हात धूत राहिलो.

साडेपाच तास लागले. केसाहून बारीक धाग्याने धमनी शिवली, चिमटे सोडले, अंगठा गुलाबी झाला. नर्सने "आला!" म्हटलं. थोड्याच वेळात तो पुन्हा पांढरा पडला. आत गुठळी. मनगटाजवळची एक शीर काढून जोडून पाहिली. पुन्हा गुलाबी, या वेळी टिकला. पण तिसऱ्या दिवशी काळा पडला आणि तो मीच काढून टाकला. कुट्टीत चेपलेला होता, तसाही वाचला नसता, असं मी स्वतःला बरेचदा सांगितलं आहे. पटत नाही. ड्रेसिंगला यायचा तेव्हा तो डाव्या हाताने कात्री धरायची सवय करत असल्याचं सांगायचा. नंतर कळलं, छाटणी सोडून बागेची राखण करतो.

पाच-सहा वर्षांनी त्या बाई पुन्हा आल्या. या वेळी शेजारीण होती, तिचं बोट तुटलेलं. शेजारणीला धरून बाईंचा नवरा मागे उभा. बाईंच्या हातात तोच डबा. मी झाकण उघडलं. बर्फ, बर्फात गाठ मारलेली पिशवी, पिशवीत ओल्या फडक्यातलं बोट. मऊ आणि गार, जसं हवं तसं.

"मागच्या टायमाला आम्ही चूक केली," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "तुम्ही रागावले ते लय बरं झालं. नंतर ड्रेसिंगला आलो तवा तुमच्या नर्सबाईंना नीट विचारून घेतलं. आता वस्तीवर समद्यांना सांगून ठेवलंय, डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय तसंच करायचं."

नव्या नर्सेस माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. नवरा मात्र खाली, डब्याकडे बघत होता. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं.

"शाब्बास," मी म्हणालो आणि डबा घेऊन आत गेलो.

ते बोट जगलं. गावाकडे माझं नाव झालं, आजही तिकडचे पेशंट येतात. मला मात्र ते "चुकलं आमचं" ऐकू येतं. त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. पहिल्या खेपेलाही त्यांनी डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तसंच केलं होतं.