भिंतीतली वीट आणि सान्यांची बदली

"लखनौ सोडून जायचं अगदी ठरलंय हो, फक्त..." एवढंच ऐकू आलं आणि माझ्या कुकरची शिट्टी झाली!

फोनवर बोलत होत्या शेजारच्या साने वहिनी. इंदिरा नगरात आमच्या दोन घरांमधल्या भिंतीतली एक वीट आम्ही काढून ठेवली होती, वाट्या इकडून तिकडे करायला. वाट्यांबरोबर बातम्याही यायच्या. इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाचे किस्से साठतात ते असेच; एक सांगायला घ्यावा तर दुसरा चिकटूनच येतो.

पण त्या दिवशी मी गॅस बंद करायचंही विसरले. मंडळात बायका पुष्कळ, पण मनातलं बोलायला मला इथे वहिनी हे एकच माणूस!

*

साने भाऊजी रिसर्चवाले. एकदा विषय विचारला, तर त्यांनी कागदावर ठिपके काढले आणि रेघांनी जोडले. "प्रत्येक ठिपका फक्त शेजारच्यांचं ऐकतो, तरी शेवटी सगळ्यांचं एकमत होतं. कसं, ते मी शोधतो."

"त्यात काय शोधायचं? आमचं मंडळ असंच चालतं!"

*

खोटं नाही. हळदीकुंकवाची तारीख आमच्याकडे सभेत कधी ठरलीच नाही, ती फोनवर फिरत फिरत ठरायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरोजिनी नगरच्या एअरफोर्सवाल्या बायकांना फक्त मीच कळवायची. एका वर्षी मला झाला टायफॉईड. इकडच्यांचं शनिवारवर एकमत, तिकडच्यांचं रविवारवर! शनिवारी वहिनींकडे कार्यक्रम उरकला, आणि रविवारी अठरा बायका नटूनथटून वहिनींच्या दारात. वहिनी गाऊनमध्ये!

भाऊजींनी कागद आणला, ठिपक्यांच्या दोन घोळक्यांमधली एकुलती एक रेघ खोडली. म्हणाले, "ही तुम्ही."

*

तर ती सान्यांच्या बदलीची बातमी. मी फक्त दोघींना सांगितली, देवाशपथ! चार दिवसांत निरोपाची शालसुद्धा ठरली. वहिनी ओरडून सांगत होत्या, "अहो, फक्त सासूबाई चालल्यात, साताऱ्याला!"

ऐकतंय कोण! "ऑर्डर येईपर्यंत सांगता येत नसेल बिचारीला," यावरही एकमत झालं.

*

भाऊजींना तर सब्जीवाल्या भैयानेही विचारलं, "साहब, कब जा रहे हैं?" सात जणांनी विचारल्यावर, वर्षानुवर्षं ठिपके जोडणारा हा माणूस सरळ डायरेक्टरांच्या केबिनमध्ये!

"सर, मेरा ट्रान्सफर हो रहा है क्या?"

"अच्छा! आप तैयार हैं?" साहेब खुर्चीतून उठलेच. "हैदराबाद के लिए कब से कोई मिल ही नहीं रहा था!"

साहेबांना नाही म्हणणं भाऊजींना कधी जमलंच नव्हतं.

*

सासूबाई साताऱ्याला गेल्या, शाल घेऊन भाऊजी हैदराबादला. मुलीची दहावी, म्हणून वहिनी इथेच राहिल्या. दोन दिवस मी विटेकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी पलीकडून माझी वाटी आली, मागोमाग आवाज.

"मालतीताई, बदली तुम्हीच करवलीत ना?"

मी वाटी धुवायला घेतली.

"मग आता सगळ्यांना सांगा, साने दिवाळीपर्यंत परत येणार म्हणून. सरोजिनी नगरलासुद्धा!"

मी पदराला हात पुसले आणि फोन उचलला.